अंजनाची चौथी फांदी

अक्का गेल्यावर तिच्या वह्या माझ्याकडे आल्या. तिला मूलबाळ नव्हतं आणि भांडी, साड्या, दागिने मागणारे निघाले तरी वह्या मागणारं कुणी निघालं नाही. जळगावच्या तिच्या घरातून मी त्या दोन खेपांत एस.टी.ने धुळ्याला आणल्या. देवपुरात मी एकटाच राहतो. पुस्तकांच्या कपाटाचा खालचा कप्पा रिकामा करून त्या तिथे लावल्या. जन्मभर शाळेच्या ग्रंथालयात काम केल्यामुळे क्रमाने लावल्याशिवाय मला चैन पडत नाही. चौदा वह्या होत्या. लावून झाल्या, पण उघडवेनात.

दीड महिन्याने पुण्याहून एका मुलीचा फोन आला. झाडं हवेत किती वायू सोडतात याचा अंदाज बांधणाऱ्या संशोधकांपैकी ती एक. अक्का वनस्पतिशास्त्राची प्राध्यापिका होती आणि निवृत्तीनंतर या मुलीच्या प्रयोगशाळेसाठी तिने आपल्या भागातल्या झाडांची मोजणी केली होती, हे मला ठाऊक होतं.

"काका, मॅडमच्या अंजनाच्या नोंदी हव्यात," ती म्हणाली. "जगभरातल्या झाडांचा एक तक्ता तयार होतोय. त्यात अंजनाची ओळ रिकामी आहे. रिकामी राहिली तर त्याच्या नात्यातल्या कुठल्या तरी झाडाचा आकडा उचलून लावतील. मॅडमकडे पाच फांद्यांची मोजणी आहे. वहीच्या पानांचे फोटो पाठवाल का? आणि पानांची वजनं कशी घेतली, काही अडचण आली होती का, तेवढं सांगा."

"पाठवतो," मी म्हणालो.

त्या पाच वजनांपैकी चौथं वजन खोटं होतं. ते माझ्या हातचं होतं, आणि हे आता जगात मला एकट्यालाच माहीत होतं.

झाडं प्राणवायू देतात एवढंच मी शाळेत शिकलो. ती आणखीही बरंच काही हवेत सोडत असतात हे मला अक्काने साठीत शिकवलं. निलगिरीखाली उभं राहिलं की जो वास येतो तो अशाच एका वायूचा. पण सगळ्यात जास्त प्रमाणात जो सुटतो, त्याचा वास आपल्याला सहसा कळतही नाही. त्याचं नाव आयसोप्रीन. ऊन वाढलं, तापलं, की काही झाडं तो भराभरा सोडतात, काही मुळीच सोडत नाहीत. हवेत गेल्यावर तो गाड्यांच्या धुराशी मिसळतो, त्यातून ओझोन तयार होतो, बारीक कण तयार होतात, आणि त्यांचा हवेवर, उन्हावर, पावसावर परिणाम होतो. म्हणून सगळ्या पृथ्वीवरची झाडं मिळून किती वायू सोडतात हे कळायला हवं. सगळी झाडं कुणी मोजू शकत नाही. मग एक फांदी मोजायची. एक ग्रॅम वाळलेल्या पानामागे एका तासात किती वायू सुटला ते काढायचं. पुढे कुठल्या मुलखात किती पाला आहे, ऊन किती, उष्णता किती, हे उपग्रहावरून आणि हवामानाच्या नोंदींवरून घ्यायचं आणि गुणत जायचं.

"म्हणजे लळिंगच्या टेकडीवरच्या एका फांदीवरून तू पृथ्वीचा अंदाज करणार?" मी तिला विचारलं होतं.

"डॉक्टर तुझ्या बोटातून थेंबभर रक्त काढतो, तेव्हा विचारतोस का त्याला, बाकीचं कधी बघणार म्हणून?"

अक्का अशीच बोलायची. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, आणि ते अंतर तिने कधी कमी होऊ दिलं नाही.

मोजणीच्या वेळी मे महिना होता. तिला माझी स्कूटर हवी होती आणि सामान धरायला माणूस हवा होता. पुण्याहून उसना मिळालेला बॅटरीवरचा छोटा पंप, दोन नळ्या, एक थर्मामीटर, पारदर्शक पिशव्या. या पिशव्या साध्या प्लॅस्टिकच्या नव्हत्या. साध्या पिशवीचा स्वतःचाच वास त्या मोजणीत मिसळतो. पानांसकट फांदी पिशवीत घालायची, तोंड बांधायचं, एका बाजूने हवा आत सोडायची आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येणारी हवा पेनाएवढ्या पोलादी नळीत ओढून घ्यायची. नळीतली भुकटी तो वायू धरून ठेवते. मग नळीला दोन्हीकडून टोपणं लावायची आणि ती पुण्याला पाठवायची.

लळिंगच्या पलीकडच्या उतारावर अंजनाची झाडं आहेत. अंजनाचं पान दोन पाकळ्यांचं असतं, एकच पान मधून चिरल्यासारखं. अक्काने पाच झाडं निवडली आणि प्रत्येकाची एक फांदी. आम्ही दुसऱ्या झाडाशी असताना शेळ्या चारणारे एक आबा येऊन उभे राहिले. पिशवी घातलेल्या फांदीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"काय करी ऱ्हायनात, ताई? झाडले ताप येल शे का?"

अक्का जळगावात प्रमाण मराठी बोलायची, पण इथे लगेच आईच्या बोलीवर आली. "नही, आबा. झाड कसा श्वास सोडस ते देखी ऱ्हायनूत."

"मंग पिशवी काढा लवकर. जीव घुसमटी जाई त्याना."

"आत हवा चालू शे. हाऊ पंप शे ना."

आबांनी पंपाला कान लावला. त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही. "बठ्ठा झाडेस्ले लावशात का?"

"नही. पाचच."

"पाचवरतून बठ्ठास्नं कसं समजी?"

अक्काने माझ्याकडे बघितलं. "घ्या. तुमचे भाऊबंद भेटले."

चौथ्या झाडापर्यंत उन्हाने माझं डोकं गरगरायला लागलं होतं. अक्का मात्र टोपी मागे सरकवून, तोंडाने तापमान पुटपुटत लिहीत होती. ती इतकी आनंदात असलेली मी फार कमी वेळा पाहिली आहे.

वायू घेऊन झाल्यावर पिशवीतली पानं काढून कागदी पाकिटांत भरली. ती पूर्ण वाळवून तोलायची होती. कॉलेजची प्रयोगशाळा सुटीमुळे बंद होती, तिथली भट्टी मिळणार नव्हती. धुळ्याचं मेमधलं ऊन काही भट्टीला हार जाणारं नाही, असं म्हणून अक्काने ते काम माझ्यावर सोपवलं. जळगावच्या सराफ बाजारातून तिने सोनं तोलायचा एक छोटा काटा विकत आणला होता. तो माझ्या टेबलावर ठेवला, वर फडकं घातलं.

"पाच दिवस वाळू दे. सहाव्या दिवशी वजन कर, सातव्या दिवशी कर. दोन्ही सारखी आली की लिही. आणि एक पानसुद्धा इकडेतिकडे होता कामा नये. कळलं का, भाऊ? पुस्तकात नाक खुपसून बसू नकोस." एवढं सांगून ती संध्याकाळच्या गाडीने जळगावला गेली.

मी पाच स्टीलची ताटं घेतली. प्रत्येकात एकेका फांदीची पानं पसरली, ताटाखाली क्रमांकाची चिठ्ठी ठेवली आणि पाचही ताटं अंगणात बाजेवर मांडली. रात्री घरात आणायची, सकाळी बाहेर न्यायची. तिसऱ्या दिवशी सकाळी ती बाहेर मांडून मी ओट्यावर वाचत बसलो. काय वाचत होतो ते आता आठवत नाही. मान वर केली तेव्हा शेजारच्या मावशींची शेळी बाजेवर पुढचे पाय ठेवून उभी होती आणि चौथं ताट चाटत होती. ताटात काही उरलं नव्हतं. खालची चिठ्ठीही तिच्या तोंडात होती.

मी ओरडलो. मावशी धावत आल्या. झालं काय ते समजल्यावर त्यांनी मलाच सुनावलं. "अहो भाऊ, अंजनाचा पाला उन्हात मांडून ठेवल्यावर ती काय नुसती बघत बसेल? तुम्ही तर तिला ताट वाढलंत की!"

मावशी शेळीला ओढत घेऊन गेल्या आणि मी बाजेशेजारी उभा राहिलो. चौथ्या फांदीची वायूची नळी पुण्याला निघून गेली होती. ती पानं परत मिळणार नव्हती. अक्काला फोन करायचा तर ती काय म्हणणार हे मला शब्दन् शब्द ठाऊक होतं. मग मला आठवलं, की चौथ्या झाडाची एक छोटी डहाळी तिने ओळखीसाठी म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्याकडे ठेवली होती. मी ती उलगडली. तिची पानं खुडली आणि ताटात पसरली. शेजारच्या ताटांत जेवढा ढीग दिसत होता तेवढाच ढीग केला. झाड तेच, पानं तशीच. काय फरक पडतो?

आमच्या घरांत भाजी कमी पडली तर वाढणारा कुणाला काही न सांगता ती पुरवठ्याला आणतो. पाहुण्याला कळू द्यायचं नाही, हीच त्यातली शहाणीव. मी तेच केलं. आणि मला थोडं बरंही वाटलं, की वेळ निभावून नेली.

ज्या ढिगाशी मी माझा ढीग जुळवला तो दोन दिवस उन्हात वाळून आक्रसला होता. माझी पानं ओली होती. ती वाळल्यावर निम्म्याहून लहान झाली. हे मला दिसलं नाही असं नाही. सातव्या दिवशी काट्यावर जो आकडा आला तो मी, अक्का माझ्याकडे ठेवून गेली होती त्या वहीत लिहिला आणि वही मिटली.

पुण्याहून निकाल यायला पावसाळा उजाडला. अक्काचा सकाळीच फोन. "भाऊ, चार फांद्या एका ओळीत आहेत, आणि चौथ्या क्रमांकाची कितीतरी वर! असं का असेल रे?"

"असेल काहीतरी," मी म्हणालो.

हे 'काहीतरी' तिने पुढची दोन वर्षं शोधलं. पंप आणि नळ्या परत गेल्या होत्या. पुन्हा मिळाव्यात म्हणून तिने अर्ज केला, पण त्या दुसऱ्या कुणाला दिल्या गेल्या होत्या. मग जे डोळ्यांनी आणि हातांनी करता येईल ते तिने सुरू केलं. वर्षातून दोनतीनदा ती धुळ्याला यायची आणि मी तिला लळिंगच्या उतारावर न्यायचो. चौथ्या झाडाखालची माती, जवळचा कोरडा ओहोळ, पानांची जाडी, किडीची छिद्रं, चाऱ्यासाठी कुणी फांद्या छाटल्या असतील तर त्याच्या खुणा. ती वाकून वाकून बघायची आणि लिहायची.

शेवटचा मे आला तेव्हा तिचं आजारपण सुरू झालं होतं. उतार चढताना ती दोनदा बसली. झाडाशी पोहोचल्यावर तिने खोडावर तळवा ठेवला. "का रे बाबा, तुझंच काय वेगळं झालंय?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुला कधी नीट समजावलंच नाही मी. बघ." आणि तिने वहीच्या मागच्या पानावर अपूर्णांक काढला. वर वायू, खाली पानांचं वजन. "वरचा आकडा पुण्याचा आहे, तो पक्का. खालचा पक्का आहे. म्हणजे भागाकार खोटा नाही. मग झाडातच काहीतरी आहे."

त्या वेळी मला काही कळलं नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी शाळेत शिकलेला माणूस आहे. छेद लहान झाला की भागाकार वाढतो हे मला त्या झाडाखाली उभ्याउभ्याच कळलं. मी पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. ती पाणी प्यायली. सांगायचं तर तीच वेळ होती. माझ्या मनात आलं, की ती आजारी आहे, आणि घरातून बाहेर पडायला हे एकच कारण तिच्याजवळ उरलं आहे. हे खोटं नव्हतं. पण मी याच कारणासाठी गप्प राहिलो असं म्हणालो, तर तेही पूर्ण खरं ठरणार नाही. मला तिची भीती वाटत होती. बासष्टाव्या वर्षी मोठ्या बहिणीची भीती.

त्याच हिवाळ्यात ती गेली.

पुण्याच्या फोननंतर मी वह्या उघडल्या. रोज सकाळी चहा झाला की एक वही, याप्रमाणे वाचत गेलो. तिचं अक्षर लहान आणि सरळ होतं, खाडाखोड जवळजवळ नाही. शेवटच्या दोन वह्यांची कितीतरी पानं चौथ्या झाडाने व्यापलेली होती. ती पानं सुंदर आहेत. एका ठिकाणी तिने लिहिलं आहे, की दुपारी ऊन चढल्यावर अंजनाच्या पानाच्या दोन्ही पाकळ्या एकमेकींकडे झुकतात आणि सावली अर्धी होते. पाचही झाडांखालची सावली तिने पावलांनी मोजली होती. हे सगळं वाचताना मला सारखं वाटत होतं, की फोटो काढावेत, पाठवावेत, आणि विचारलेल्या प्रश्नाला 'काही अडचण आली नाही' असं उत्तर द्यावं. पाच फांद्यांची सरासरी तक्त्यात जाईल. अक्काचं काम जगाच्या कामात जाऊन बसेल. नाहीतर ही सगळी पानं एका शेळीपायी वाया गेली असं होईल, आणि मी सोडून ते म्हणणारं तरी कोण आहे?

तेराव्या वहीत एक यादी होती. वर लिहिलं होतं, 'क्र. ४ जास्त का? शक्य कारणं.' खाली नऊ कारणं होती. पहिलं कारण होतं 'वजनात चूक'. त्यावर तिने रेघ मारली होती आणि शेजारी लिहिलं होतं, 'भाऊने केलंय. चूक नसणार.'

बाकीची आठ कारणं तिने त्यानंतर तपासली होती, एकेक करून.

मी वही मिटली. दोन दिवस काही वाचलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पुण्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ताटं, शेळी, डहाळी, ओला ढीग. ती मुलगी शेळीपर्यंत ऐकून हसली आणि एकदम थांबली.

"सॉरी, काका."

"हसा हो. दुसऱ्या कुणाची शेळी असती तर मीही हसलो असतो."

"मॅडमना माहीत होतं?"

"नाही."

ती कामाचं बोलायला लागली, आणि त्याबद्दल मला तिचे उपकारच वाटले. चौथी फांदी गाळावी लागेल, ती म्हणाली. चार उरतात, तेवढ्या चालतील. अंजनाचा आकडा खाली येईल.

"आणि जगाच्या एकूण अंदाजात?" मी विचारलं.

"खरं सांगू? काही फरक पडणार नाही. तिथे अनिश्चितताच एवढी मोठी आहे, की एक झाड त्यात दिसतसुद्धा नाही. पण अंजनाच्या ओळीत फरक पडेल. पुढे कुणी खानदेशातल्या रानाचा अंदाज करायला बसलं, तर ते हीच ओळ बघतील."

"अक्काने चौथ्या झाडाबद्दल लिहिलेलं बाकीचं? माती, छाटणीच्या खुणा, सावली?"

"ते पाठवा ना. ते मॅडमनी डोळ्यांनी बघून लिहिलंय. कारण म्हणून नाही उपयोगी पडणार, पण नोंद म्हणून आहे. अंजनाबद्दल एवढं बारीक माझ्या तरी पाहण्यात नाही." मग म्हणाली, "एक करा, काका. चौथ्या वजनाच्या जागी काही खोडू नका. आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारा. शेजारी कारण लिहा आणि सही करा, आजची तारीख टाका. आणि मग फोटो काढा."

हे काम पाच मिनिटांचं होतं. मला सकाळ लागली. आधी मी वेगळ्या कागदावर लिहून बघितलं. पहिल्या मसुद्यात शेळी नव्हतीच. 'अपघाताने पानं नष्ट झाली' असं होतं. दुसऱ्यात अर्ध्या पानाची क्षमायाचना होती. ती वाचून अक्का काय म्हणाली असती ते मला ऐकू आलं आणि मी तो कागद फाडला. शेवटी वही उघडली, पट्टी ठेवली, माझ्याच हातच्या आकड्यावर रेघ मारली आणि समासात लिहिलं:

'क्र. ४ ची पानं वाळत असताना शेळीने खाल्ली. त्याच झाडाच्या डहाळीची पानं अंदाजाने घालून तोलली. वजन चुकीचं आहे. हे बहिणीला सांगितलं नाही.'

खाली सही केली, तारीख टाकली. शाई वाळू दिली. मग फोटो काढून पाठवला.

दुपारी त्या मुलीचा निरोप आला. 'मिळाला, काका. धन्यवाद. फक्त शेवटचं वाक्य तक्त्यासाठी लागत नाही. हे पान नोंदींबरोबर कायम राहणार आहे, म्हणून विचारते. हवं असल्यास ते वाक्य झाकून दुसरा फोटो पाठवा, मी तो लावीन.'

मी वही पुन्हा उघडली. समास अरुंद होता, त्यामुळे ते वाक्य तिच्या अक्षराला जाऊन टेकलं होतं. ते झाकायचं तर तिची एक ओळही झाकली जात होती.

'आहे तोच राहू द्या,' मी लिहिलं.